बुडबुडा नव्हता

जहाज धक्क्यापासून सुटलं, की पहिले तीन दिवस काका ओकत असत. नवीन माणसाला समुद्र लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विद्यापीठाच्या जहाजावर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसालाही तो दर खेपेला तितकाच लागावा, याचं आम्हाला हसू येई. त्यांना स्वतःला त्याचं काहीच वाटत नसे. गळ्यात सुतळीनं अडकवलेला एक प्लास्टिकचा डबा, खिशात फुटाणे आणि हातात काम. मध्येच मान वळवून डबा तोंडाशी नेत, रुमालानं तोंड पुसत आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढे बोलू लागत. चौथ्या दिवशी डबा धुऊन खिळ्याला टांगला जाई आणि ते आमच्या पंगतीत जेवायला बसत.

काका आर्वीकडच्या एका खेड्यातले. मी सिंदी रेल्वेचा. समुद्र शिकवणाऱ्या, किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात मी कंत्राटावर प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो, तेव्हा हे गृहस्थ तिथं आधीपासून होते आणि निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी दर वर्षी मुदतवाढ घेऊन टिकून होते. माझं गाव कळल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "पोहता येते काय?" मी नाही म्हणालो. "मलेबी नाई येत," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो. जहाजावर हिंदी, मल्याळम, बंगाली सगळं चालायचं. आमची वऱ्हाडी बोली तेवढी आम्हा दोघांच्या टेबलाची होती.

अभ्याससफर म्हणजे बाहेरच्यांना वाटते तशी सहल नव्हे. वीस-पंचवीस विद्यार्थी, तीन-चार प्राध्यापक, आम्ही दोघं-तिघं प्रयोगशाळेतले आणि जहाज चालवणारी मंडळी. समुद्रात ठरावीक ठिकाणी जहाज थांबवायचं, तारेला नळकांडी बांधून खाली सोडायची, निरनिराळ्या खोलीवरचं पाणी वर आणायचं, तपासायचं, लिहायचं आणि पुढच्या ठिकाणी जायचं. त्या ठिकाणाला स्टेशन म्हणतात. दिवसभरात दोन, कधी तीन स्टेशनं. अंघोळीला एक बादली पाणी. कपडे, उशी, चहाचा कप, सगळ्याला मिठाचा चिकटपणा. आचारी आठवड्यातून चार दिवस सांबार करी, आणि काका दर वेळी त्यात हिरवी मिरची मोडून टाकत आणि "जमते" म्हणत.

नकाशावर स्टेशनांना नंबर होते. काका ते नंबर वापरत नसत. त्यांच्या लहानपणी पुलगावहून आर्वीला एक छोटी गाडी जायची, ती आता केव्हाच बंद पडली. तिच्यावरची गावं ते क्रमानं समुद्राला देत. पहिलं स्टेशन पुलगाव, मग सोरटा, मग विरूळ, मग रोहणा. आर्वी आली की पुन्हा पुलगावपासून सुरुवात. केरळची मुलं परतेपर्यंत "आज विरूळ है क्या, अंकल?" असं सहज विचारू लागत. सफरीच्या प्रमुख सरांना हे बिलकूल पटत नसे, पण काकांच्या वहीत नंबरही तितकाच बिनचूक असे, त्यामुळे त्यांना बोलता येत नसे.

आणखी एक गोष्ट म्हणजे ते समुद्राकडे पाहत नसत. डॉल्फिन आले की जहाजावर एकच गलका होई, मुलं कठड्याशी धावत, आचारी पळी हातात घेऊन बाहेर येई. काका पाठ करून बाटल्या पुशीत बसलेले. एकदा मी त्यांचा हात धरून ओढलं. ते म्हणाले, "मी पाहाले नाई आलो बाबू, मोजाले आलो." यात तोरा नव्हता. आपल्याला ज्या कामाला आणलंय तेवढंच आपलं, बाकीचं दुसऱ्याचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांचं काम म्हणजे ऑक्सिजन. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती आहे ते काढायचं. यंत्रं आली, आकडे पडद्यावर दिसू लागले, तरी मुलांना हातानं करता आलं पाहिजे म्हणून ही जुनी रीत आमच्याकडे अजून चालू आहे, आणि यंत्र खरं बोलतंय की नाही तेही त्यातून कळतं. नळकांड्यातून काचेच्या बाटलीत पाणी घ्यायचं. रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी संथ चढू द्यायचं, तीनदा ओसंडून जाऊ द्यायचं, मग बूच तिरकं सरकवून बसवायचं. आत हवेचा एवढासाही बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर त्या बुडबुड्यातला प्राणवायू पाण्यात उतरतो आणि आकडा बिघडतो. काका बाटली उलटी करून उजेडाकडे धरत आणि डोळे बारीक करून पाहत. दोन घटका पाहत, असंच आम्हाला वाटे. मग म्हणत, "नाई." म्हणजे बुडबुडा नाही. असला तर पाणी फेकून देत आणि वहीत लिहीत, 'बुडबुडा. पुन्हा घेतलं.' स्वतःची चूक लिहिताना त्यांचं अक्षर जास्तच चांगलं येई.

निघण्याच्या आधी बंदरात ते प्रत्येक विद्यार्थ्याकडून नळाच्या पाण्याच्या शंभर बाटल्या भरून घेत. मुलं वैतागत. एका वर्षी जळगावकडची एक मुलगी होती, पहिल्याच दिवशी तिला समुद्र लागला, ती जिन्यात बसून रडू लागली, मला घरी सोडा म्हणाली. भर समुद्रातून घरी कुठं सोडणार? काकांनी आपल्या डब्यासारखाच एक डबा सुतळी बांधून तिच्या गळ्यात घातला आणि बाटल्यांसमोर उभं केलं. "थांबलं का जास्त होते. चालू ठेव," म्हणाले. दोघंही आळीपाळीनं ओकत होते आणि बाटल्या भरत होते. त्या दिवशी तिच्या एकाही बाटलीत बुडबुडा नव्हता. आज ती कुठल्याशा महाविद्यालयात शिकवते आणि मुलांकडून शंभर बाटल्या भरून घेते असं ऐकलं.

त्यांना दर वर्षी मुदतवाढ मिळे ती या हातावर. सफर संपली की प्रमुख सर एक शेरा लिहीत आणि त्यावर पुढचं वर्ष ठरे. काकांना दुसरं काही नको होतं. पेन्शन होती, गावी वांगी-पालकाची बागाईत होती, भाऊ ती पाहत होता. त्यांना फक्त आणखी एक सफर हवी असे. हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून पुढचं सांगताना मला स्वतःची बाजू घेता येत नाही.

ते रोहणा होतं. सकाळची वेळ, समुद्र शांत. पाणी आणणाऱ्या नळकांड्यांच्या वरच्या टोकाला हवेचा एक छोटा स्क्रू असतो. खाली सोडण्याआधी तो घट्ट करायचा. सैल राहिला तर वर येताना आतलं पाणी गळतं आणि वाटेतलं दुसरं पाणी आत शिरतं. नळकांडं भरलेलंच दिसतं, पण पाणी त्या खोलीचं राहत नाही. स्क्रू घट्ट करणं माझं काम. एकेक घट्ट करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, 'बंद'. आमची पद्धतच ती होती. त्या दिवशी कायम नोकरीच्या मुलाखतीची यादी लागणार होती आणि जहाजावरच्या फोनवर माझी पाळी नऊला होती. मी सहा वेळा 'बंद' म्हणालो. पाचच वेळा हात लावला.

नळकांडी वर आली तेव्हा चौथ्याचा स्क्रू सैल होता. मी पाहिला आणि अंगठ्यानं फिरवून घट्ट केला. काका दोन पावलांवर रबरी नळी धुवत होते. भरलेलं तर आहे, एवढ्यानं काय होतं, असं मी मनाला सांगितलं. खोटं सांगितलं. एवढ्यानं काय होतं ते मला पुस्तकासकट पाठ होतं.

आमच्या समुद्रात चौथ्या नळकांड्याच्या खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसतोच. काकांच्या बाटलीत तो चांगला भरपूर निघाला. त्यांनी त्याच पाण्याची दुसरी बाटली तपासली, तीही तशीच. दुपारच्या जेवणानंतर त्याच टेबलाशी सर्वांना बसवून प्रमुख सरांनी वही उघडली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. हा आकडा शक्य नाही, म्हणजे बाटलीत हवा राहिली असणार, वय झालं की नजरेला बारीक गोष्टी सुटतात, त्यात कमीपणा नाही, वहीत 'बुडबुडा' असं लिहा आणि आकडा सोडून द्या, असं ते म्हणाले.

"बुडबुडा नव्हता," काका म्हणाले.

सरांनी पुन्हा समजावलं. काका पुन्हा तेच म्हणाले आणि वहीतला आकडा त्यांनी तसाच ठेवला. मग सर माझ्याकडे वळले. नळकांडी नीट बंद होती ना, त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो सर."

काका माझ्याकडे पाहतही नव्हते. माझ्या शब्दावर शंका घ्यावी असं त्यांच्या मनातही आलं नसावं. ते आपल्या हातांकडे पाहत होते.

राहिलेल्या नऊ दिवसांत ते बदलले. एक बाटली तीनदा भरू लागले. उजेडाकडे धरायची, खाली घ्यायची, पुन्हा धरायची. विद्यार्थी कंटाळून निघून जात आणि मी तिथं उभा राही. रोज ठरवी की आज सांगू. रोज वाटे, आता इतके दिवस गेल्यावर सांगितलं तर जास्तच वाईट दिसेल. शेऱ्यात सरांनी लिहिलं की हात आणि नजर पूर्वीसारखी राहिलेली नाही. पुढच्या सफरीला काकांना बोलावणं गेलं नाही. त्यांच्या जागी मी कायम झालो. निघताना त्यांनी आपली ट्रंक स्वतः उचलली, मला उचलू दिली नाही, आणि म्हणाले, "नीट कर बाबू काम."

चार वर्षं मी नीट काम केलं. कदाचित त्याच भीतीनं केलं. मुलांकडून शंभर बाटल्या मीही भरून घेतल्या.

यंदाच्या सफरीत एक विद्यार्थी नळकांडं वर आल्याबरोबर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझा स्क्रू उघडा राहिला." चेहरा पडला होता त्याचा, पण बोलून मोकळा झाला. मी म्हणालो, ठीक आहे, लिहून ठेव, पुन्हा सोडू. अर्ध्या तासाचं काम वाढलं, एवढंच झालं. कोणी रागावलं नाही. तो जाऊन पोळी-भाजी जेवला. एका वाक्याचं काम होतं ते, आणि ते न बोलून मी एका माणसाची कामाची शेवटची वर्षं घेतली होती.

सुट्टीत सिंदीला आलो आणि घरी कोणाला न सांगता निघालो. वर्ध्याहून आर्वीची एसटी आणि तिथून ऑटो. गावाच्या टोकाला घर, मागे वांग्यांचे वाफे. काका अंगणात बाजेवर बसले होते. वाळले होते. मला पाहून इतके खूश झाले की मला परत फिरावंसं वाटलं. यंदा कोण कोण होतं, आचारी तोच आहे का, किती स्टेशनं झाली, सगळं विचारून घेतलं. काकूंनी चहा आणला. काकांनी कप दोन्ही हातांनी धरला.

चहा संपल्यावर काकू आत गेल्या आणि मी बोललो. "काका, रोहण्याले चौथ्या नळकांड्याचा स्क्रू माह्याकडून उघडा राह्यलता."

त्यांनी रिकामा कप बाजेखाली ठेवला. मग म्हणाले, "तुले कवा समजलं?"

"वर आलं तवाच. मी चूपचाप बंद केला."

"म्हंजे सरानं इचारलं तवा तुले माहीत होतं."

"हो."

मी समजलो होतो की ते चिडतील, नाहीतर मोठ्या मनानं जाऊ दे म्हणतील. दोन्हीची तयारी करून आलो होतो. त्यांनी विचारलं, "रजिस्टरात दुरुस्त केलं काय?"

अजून नाही, म्हणालो.

"मंग माह्याकडं काऊन आला पहिले?" त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "चार वर्षं पोरं तो आकडा घेऊन राह्यले. माफी मागाले आर्वीले आला, अन् आकडा तिथं तसाच ठेवला?"

पत्र मी दुसऱ्याच दिवशी विभागाला पाठवलं, माझ्या नावानिशी आणि 'हो सर' सकट. त्याचं काय व्हायचं ते होईल. पण त्या क्षणी माझ्याकडे तेही नव्हतं.

काकांचा राग फार टिकला नाही. ते पुन्हा हातांकडे पाहू लागले आणि हळू बोलले, मला म्हणून नव्हे. "तिथं सरापुढं मी बोललो. पण घरी आलो, अन् मले वाटाले लागलं का असंन. असंनच एखादा. आपल्यालेच दिसला नसंन." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्या काकूले शुगर हाय. दोन टाइम सुई लागते. शेजारची सून येते भराले. मी नाई भरत. माह्या हातानं कमी-जास्त झालं तं काय करतो, सांग?"

मी रडलो. लपवत नाही. त्यांची नोकरी गेली एवढंच मी चार वर्षं धरून चाललो होतो. त्यांचा स्वतःवरचा भरोसाच मी घेतला होता, आणि घेतला हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

त्यांनी मला गप्प केलं नाही. रडणं संपेपर्यंत बसून राहिले. मग काकूंना बाहेर बोलावलं आणि मला म्हणाले, "आता तिले सांग. जसं मले सांगतलं तसंच."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. स्क्रू म्हणजे काय, नळकांडं म्हणजे काय, तिथपासून सांगावं लागलं. काकू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "तुह्या नोकरीचं पक्कं झालं नं?"

"हो काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्या काकांकडे वळल्या. दिवस कलत आला होता, जेवणाच्या आधीच्या सुईची वेळ झाली होती. "त्या पोरीले आज येऊ नोको म्हना," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. काका बाजेवर तसेच बसून राहिले. मला वाटलं, ते उठणार नाहीत. चार वर्षांची सवय एका दुपारी कशी सुटेल? मग ते उठले, रांजणावर गेले आणि बराच वेळ साबणानं हात धूत राहिले. माझ्यासमोरून जाताना म्हणाले, "तू इथंच थांब."

मी अंगणात उभा राहिलो. आतून शीतकपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग काचेच्या कुपीचा. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की माझे कान दुखू लागले. शेजारची सून फाटकापर्यंत आली, मी तिला हातानंच थांब म्हणालो, आणि तीही तिथंच उभी राहिली.

"द्या नं मंग," आतून काकूंचा आवाज आला. "किती वेळ धरून बसता?"

"कवाचीच देली," काका म्हणाले.